कोलवाळहून परतलेल्या भावासाठी: कायदा कुठे अडवतो आणि कुठे अडवत नाही

डिचोली तालुक्यातील एका भगिनीने आपल्या धाकट्या भावाविषयी प्रश्न विचारला आहे. गावातील एका मारामारीच्या प्रकरणात भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ खाली, म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत केल्याबद्दल, न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये त्याला दोषी ठरवले आणि तीन वर्षांची कैद सुनावली. त्याच वर्षाच्या अखेरीस अपील फेटाळले गेले, आणि कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगून तो २०२५ मध्ये घरी आला. त्याआधी तो क्रूझ जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. आता जहाजाचा एजंट त्याला दाद देत नाही. किनाऱ्यावरील एका हॉटेलने कामावर घेऊन, प्रकरण कळताच, काढून टाकले. परिसरात काही घडले की पोलीस स्थानकातून बोलावणे येते. वडील तो तुरुंगात असताना वारले. थोरला भाऊ म्हणतो की शिक्षा झालेल्याला घरात वाटा नाही, आणि वाड्यावरचे लोक म्हणतात की त्याला आता मतही देता येणार नाही. ‘त्याचे सगळे संपले असे समजायचे का?’ असा भगिनीचा शेवटचा प्रश्न आहे.

नाही. उत्तर गोव्यात विधी साहाय्याची प्रकरणे चालवताना अशी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्या अनुभवावरून मी इतके ठामपणे सांगू शकते की शिक्षा झालेल्या माणसाला कायदा जिथे खरोखर अडवतो त्या जागा थोड्या आहेत, बहुतेकांना मुदत आहे, आणि त्या गुन्ह्याचे कलम व शिक्षेचा काळ यांवर अवलंबून आहेत. बाकीचा मोठा भाग ऐकीव समजुतीचा आहे. मतदानाचेच पाहा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात असेपर्यंत मतदान करता येत नाही. बाहेर आल्यावर तो हक्क आपोआप परत मिळतो. मतदार यादीतून मधल्या काळात नाव गळले असेल तर फॉर्म ६ भरून ते पुन्हा घालता येते. बंदी आहे ती लोकसभा, विधानसभा लढवण्यावर: दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्या व्यक्तीला कलम ८ प्रमाणे सुटकेनंतर आणखी सहा वर्षे उमेदवार होता येत नाही. या दोन गोष्टी गावात एकच समजल्या जातात, आणि ज्याला मत देण्याचा पूर्ण हक्क आहे असा माणूस निवडणुकीच्या दिवशी घरात तोंड लपवून बसतो.

म्हणून पहिले काम कागदांचे. चार कागद एकत्र करा: दोषी ठरवणाऱ्या निकालाची प्रमाणित प्रत, अपिलाच्या निकालाची प्रत, कारागृहाने दिलेला सुटकेचा दाखला आणि दंड भरल्याची पावती. शिक्षा सुनावताना निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य देणे न्यायालयावर बंधनकारक असते, पण ती कुटुंबाच्या हाती क्वचितच राहते. नसेल तर न्यायालयात अर्ज करून पुन्हा मिळवता येते. दंड न भरता त्याऐवजीची जादा कैद त्याने भोगली असेल, तर तेही सुटकेच्या दाखल्यात स्पष्ट आले आहे का ते पाहा, कारण पूर्ण जादा कैद भोगल्यानंतर तो दंड सहसा वसूल करता येत नाही. अपवाद आहे तो मुख्यतः दंडातून जखमी व्यक्तीला भरपाई देण्याचा आदेश असेल तेव्हाचा, आणि तसा आदेश असेल तर तो पाळलाच पाहिजे. हे कागद हाती नसताना केलेली प्रत्येक चर्चा अंदाजावर चालते, आणि अंदाज नेहमी वाईटाकडेच झुकतो.

आता पासपोर्ट. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल जहाजाच्या आणि आखाताच्या पगारावर पेटते, त्यामुळे हा भाग मी सविस्तर लिहिते. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(ई) मध्ये नकाराचे कारण असे आहे की अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत अर्जदार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला असावा आणि त्याला किमान दोन वर्षांची कैद झालेली असावी. या दोन्ही अटी एकत्र लागतात. पाच वर्षे मोजायची ती दोषी ठरल्यापासून, सुटकेपासून नव्हे. म्हणजे तुरुंगात गेलेला काळही त्यात धरला जातो. तुमच्या भावाच्या बाबतीत ही मुदत मार्च २०२७ मध्ये पूर्ण होते. त्याआधी अर्ज करायचा झाला, तर त्याचा गुन्हा नैतिक अधःपतनाचा आहे की नाही हा मुद्दा मांडता येतो. या शब्दांची व्याख्या कायद्यात दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये भारतीय स्टेट बँक विरुद्ध पी. सौप्रमणियन या निकालात स्पष्ट केले की मारहाणीचा प्रत्येक गुन्हा त्यात मोडत नाही. प्रसंग काय होता, हेतू काय होता, वागणुकीत नीचपणा होता का, हे पाहावे लागते. अचानक उसळलेल्या भांडणात झालेली दुखापत आणि पाळत ठेवून केलेला हल्ला यांत फरक आहे, आणि तो फरक निकालपत्राच्या परिच्छेदांतूनच दाखवता येतो. पासपोर्ट अधिकाऱ्याने नकार दिला तर त्याची कारणे लेखी मागा. ती देणे हा नियम आहे, आणि कलम ११ खाली त्यावर अपील करता येते.

जुना पासपोर्ट कुठे आहे हेही शोधा. जामीन देताना न्यायालयाने तो जमा करून घेतला असेल तर तो आपणहून परत येत नाही. खटला संपल्याचे दाखवून त्याच न्यायालयात अर्ज करावा लागतो. पोलिसांनी तपासात ताब्यात घेतला असेल, तर लक्षात ठेवा की तपासासाठी वस्तू जप्त करणे वेगळे आणि पासपोर्ट रोखून धरणे वेगळे. दुसरा अधिकार पासपोर्ट प्राधिकाऱ्याचा आहे, असे सुरेश नंदा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. मात्र दोन वर्षांहून अधिक शिक्षा झाल्यामुळे, गुन्हा नैतिक अधःपतनाचा धरला गेला तर, असलेला पासपोर्टही प्राधिकारी रोखू शकतो. आणि कोणत्याही परिस्थितीत अर्जात शिक्षा लपवू नका. माहिती दडवणे हा त्याच कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि एका जुन्या शिक्षेपेक्षा अशा नव्या गुन्ह्याचा घाव खोल बसतो.

पासपोर्ट मिळाला म्हणजे जहाज मिळाले असे मात्र नाही, आणि हे मी तुमच्यापासून लपवणे योग्य होणार नाही. जहाज कंपन्या पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजावर चढायचे तर त्या देशाचा व्हिसा लागतो, आणि तिथला कायदा अशा स्वरूपाच्या जुन्या गुन्ह्यांकडे आपल्यापेक्षा कडक नजरेने पाहतो. तुमच्या भावाला पुन्हा जहाज मिळणे अशक्य आहे असे मी म्हणत नाही, पण पुढची दोन वर्षे त्याच एका आशेवर काढणे मला धोक्याचे वाटते. एजंटला पैसे देऊन ‘दाखला स्वच्छ करून देतो’ असे कोणी सांगत असेल तर त्या माणसापासून दूर राहा. आपल्याकडे प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी अशी पैसे मोजून पुसता येत नाही, आणि खोट्या दाखल्याचा खटला भावावरच होईल.

इथल्या नोकरीकडे वळू. काही क्षेत्रे कायद्यानेच बंद आहेत. खासगी सुरक्षा संस्था कायदा, २००५ प्रमाणे न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षा रक्षक म्हणून ठेवता येत नाही, आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम १० प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँक नोकरीत ठेवू शकत नाही. तुरुंगातून आलेल्या तरुणाला लोक बहुधा पहिल्यांदा वॉचमनचेच काम सुचवतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. उलट काही बंद दारे मुदतीनंतर उघडतात: सहा महिन्यांहून अधिक आणि सात वर्षांहून कमी शिक्षा झालेली व्यक्ती ती संपल्यापासून पाच वर्षांनी कंपनीची संचालक होऊ शकते, आणि वकिलीच्या सनदेवरील नैतिक अधःपतनाची अपात्रता सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. कायदा करणाऱ्यांनी काही ठिकाणी काळ मोजण्याचा विचार केलेला आहे, इतके यावरून दिसते.

सरकारी नोकरीत सरसकट बंदी नाही, परंतु पडताळणीचा अर्ज भरताना खटला, अटक, शिक्षा यांविषयी प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात या विषयाची मार्गदर्शक सूत्रे घालून दिली: उमेदवाराने खरी माहिती द्यावी, त्याने ती दिली तरी त्याला नोकरी देण्याचे बंधन नियुक्ती करणाऱ्यावर नाही, मात्र किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवली गेली असेल तर तेवढ्यावरून यांत्रिकपणे काढून न टाकता पदाचे स्वरूप आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहावे. कलम ३२६ किरकोळ गणले जाणार नाही, त्यामुळे सरकारी नोकरीवर फार भिस्त ठेवू नये असे माझे मत आहे.

खासगी मालकाला, वरची दोन-तीन क्षेत्रे सोडली तर, शिक्षा झालेल्या माणसाला कामावर घेण्यास कोणताही कायदा मनाई करत नाही. दुर्दैवाने त्याच्याशी भेदभाव करू नये असेही कोणता कायदा सांगत नाही, आणि हॉटेलने जे केले त्याविरुद्ध फारसे काही करता येणार नाही. त्याने केलेल्या दिवसांचे वेतन मात्र हक्काचे आहे आणि ते मागावे. प्रश्न राहतो तो पुढच्या मालकाला कधी आणि कसे सांगावे हा. लेखी विचारले असेल तर खरे लिहावेच. विचारले नसेल तर स्वतःहून सर्वांना सांगत फिरण्याचे कायदेशीर बंधन नाही. पण गोवा लहान आहे. डिचोलीची गोष्ट कळंगुटला पोहोचायला वेळ लागत नाही, आणि तिसऱ्याकडून कळलेली गोष्ट मालकाला फसवणूक वाटते. म्हणून ज्याच्या हाताखाली रोज काम करायचे त्याला, कामाची बोलणी पक्की होण्याच्या वेळी, थोडक्यात सांगावे असा सल्ला मी देते. सांगण्याची भाषा आधी घरात बसवून घ्यावी. ‘२०२२ मध्ये एका मारामारीच्या प्रकरणात मला तीन वर्षांची शिक्षा झाली. ती मी पूर्ण भोगली आहे, आता माझ्यावर कोणताही खटला नाही. माझ्या कामाविषयी जहाजावरच्या वरिष्ठांची पत्रे मी आणली आहेत.’ इतके पुरे. भांडणात चूक कोणाची होती, साक्षीदार कसे फिरले, वकिलाने काय केले, यात शिरू नये. ऐकणाऱ्याला ते सगळे सबबींसारखे वाटते, आणि ज्याला कामावर घ्यायचे होते तोही मागे सरतो.

तुमच्या भावाच्या हातात विजेचे काम आहे, आणि मला त्याच्या बाबतीत सर्वांत जास्त आशा तिथेच दिसते. आयटीआयचे प्रमाणपत्र शिक्षेने रद्द होत नाही. घरोघरी जाऊन वायरिंग करायला लोकांचा विश्वास लागतो आणि तो लगेच मिळणार नाही. म्हणून सुरुवात एखाद्या परवानाधारक कंत्राटदाराकडे, बांधकामाच्या जागेवर किंवा कुंडई, होंडा, वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींतील देखभालीच्या कामावर करावी, जिथे माणसाची पारख त्याच्या कामावरून होते आणि वर्षभराने दाखवायला नवा अनुभव तयार होतो. ऑक्टोबर ते मे हा पर्यटनाचा हंगाम; त्याच्या तोंडावर हॉटेलांच्या डागडुजीची कामे निघतात आणि तेव्हा हातांची गरज असते. ज्यांच्याकडे कोणतेच कसब नाही त्यांची वाट याहून बरीच खडतर आहे, आणि तुरुंगात शिकवलेले काम बाहेरच्या बाजारात चालणारे असावे, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरायला हवी. कैद्यांना कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितले आहे. तो मोबदला पुरेसा असेल तरच माणूस बाहेर पडताना पहिल्या काही आठवड्यांचा खर्च स्वतःच्या कमाईतून करू शकतो.

या पहिल्या आठवड्यांत माणूस अडतो तो अगदी साध्या गोष्टींवर. आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक बंद झालेला असतो, आणि ओटीपी येत नाही म्हणून पुढचे काहीच हलत नाही. दोन वर्षे व्यवहार न झालेले बँक खाते निष्क्रिय ठरते. ते पुन्हा केवायसी देऊन चालू करता येते, त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. वाहन परवान्याची मुदत संपून एक वर्ष उलटले असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. शिधापत्रिकेवरून नाव काढले गेले आहे का ते पाहावे. ही कामे भावाला एकट्याला करू देऊ नका. रांगेत उभे राहणे, अधिकाऱ्यासमोर बोलणे, ‘मधली वर्षे कुठे होता’ या प्रश्नाला उत्तर देणे, हे सगळे तुरुंगातून आलेल्या माणसाला तुम्हा-आम्हाला वाटते त्याहून फार जड जाते. सोबत एक माणूस असला की तो अर्ध्यातून परत फिरत नाही.

पोलीस स्थानकातील बोलावण्याविषयी. शिक्षा भोगून झाली म्हणून पोलिसांना कधीच विचारपूस करता येणार नाही असे नाही. परंतु तोंडी निरोप पाठवून दिवसभर बाकावर बसवून ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात संशयित म्हणून हजर राहायला सांगायचे तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली लेखी नोटीस देता येते, आणि ती नम्रपणे मागावी. नोटीस आली तर मात्र न चुकता हजर राहावे, शक्य तर वकिलासह, आणि गेल्याची व निघाल्याची वेळ लिहून ठेवावी. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून मागणारे कलम १२९ हे सराईत गुन्हेगारांसाठी आहे; एका प्रकरणातील एका शिक्षेवरून कोणी सराईत ठरत नाही, त्यामुळे तशी नोटीस आल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तिला लेखी उत्तर द्यावे, गप्प बसून सही करू नये. पाळतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने खडक सिंग प्रकरणात १९६२ मध्ये रात्री-अपरात्री घरी येऊन तपासण्याची मुभा रद्द केली, आणि मलक सिंग प्रकरणात १९८० मध्ये म्हटले की पाळत ठेवायचीच तर ती त्या व्यक्तीची अप्रतिष्ठा होणार नाही अशी असावी. हे होत नसेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या. अशा एका शांत, तारीखवार निवेदनाने बोलावणी थांबल्याचे मी पाहिले आहे.

घराच्या वाट्याबद्दल थोरल्या भावाचे म्हणणे साफ चुकीचे आहे. गोव्यात वारसा २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याने ठरतो. तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला आणि त्याने जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यातील मूळ तत्त्व राखले आहे. मुलांचा राखीव हिस्सा आई-वडिलांना मृत्युपत्रानेही मनमानी काढून घेता येत नाही. वडील आपल्या मालमत्तेच्या निम्म्या भागाचीच मनाजोगी विल्हेवाट लावू शकतात. वारसाहक्कातून वगळण्याची कारणे कायद्यात ठरलेली आहेत, आणि तिऱ्हाइताशी झालेल्या मारामारीची शिक्षा हे त्यांतले कारण नाही. वडील गेले तेव्हा भाऊ तुरुंगात होता, म्हणून मला एका गोष्टीची काळजी वाटते: मधल्या काळात वारसाचा दस्त किंवा इन्व्हेंटरीची (म्हणजे न्यायालयातून मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची) कार्यवाही त्याचे नाव वगळून झाली आहे का, किंवा भेटीच्या वेळी त्याची एखाद्या कागदावर सही घेतली गेली आहे का, हे लगेच तपासा. गोव्यात वारसाहक्काचा त्याग साध्या कागदावरच्या सहीने होत नाही. भाऊ विवाहित असेल तर त्याच्या पत्नीलाही या सगळ्यात स्वतंत्र स्थान आहे, तिच्या संमतीवाचून स्थावर मालमत्तेचा व्यवहार पुढे जाऊ शकत नाही. डोक्यावर हक्काचे छप्पर असणे ही इथे सर्वांत मोठी गोष्ट आहे, कारण भाड्याच्या खोलीसाठी पोलीस पडताळणीचा फॉर्म भरावा लागतो आणि तो पाहताच घरमालक खोली दुसऱ्याला देतो. घरच्यांनीच बाहेर काढलेला माणूस पुढे कुठे जातो, कोणाच्या संगतीत झोपतो, हे मी पाहिले आहे, आणि म्हणून या बाबतीत घरातल्या भांडणाला घाबरून गप्प राहू नका असे कळकळीने सांगते.

त्याच गावात तो जखमी झालेला माणूस आणि त्याचे घरही आहे. त्यांचा विचार या उत्तरात केला नाही तर ते अपुरे राहील. तुमच्या भावाने त्यांच्या दारात जाऊन क्षमा मागावी, किंवा देवस्थानच्या चार जाणत्यांनी मध्यस्थी करून दोघांना एकत्र बसवावे, असे अनेकजण सुचवतील. तसे करू नका, निदान त्या कुटुंबाकडून तशी इच्छा दिसत नाही तोवर. ज्याने मार खाल्ला त्याला कधी आणि कोणाला भेटायचे हे ठरवू द्यावे. भावाने आपली वाट त्यांच्या वाटेत येऊ न देणे, भरपाईचा आदेश असल्यास ती वेळेवर देणे, एवढे आज पुरेसे आहे. गावाला मात्र आपल्याकडून काही करता येते. चवथीच्या घुमट-आरतीला, सप्ताहाच्या भजनाला, जत्रेतील नाटकाच्या तालमीला वीज जोडून द्यायला कोणीतरी लागतेच. ते काम त्याला सांगितले, तर चार माणसांत त्याला पुन्हा उभे राहता येते. हे बोलावणे आपणहून यावे लागते, कारण तो स्वतः ते मागणार नाही.

झोप न लागणे, दार बंद दिसले की जीव घाबरा होणे, दारूकडे वळणे, कोणाशी न बोलणे, अशी लक्षणे दिसली तर ती स्वभावावर ढकलू नका. बांबोळीच्या मनोरुग्ण आणि मानव वर्तन संस्थेत उपचार मिळतात, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरूनही बोलता येते. स्त्रिया शिक्षा भोगून येतात तेव्हा यातली प्रत्येक अडचण अधिक तीव्र होते. अनेकींना न्यायला फाटकाशी कोणी आलेले नसते, आणि मुलांचा ताबा हा आणखी एक प्रश्न समोर उभा असतो. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

ज्यांच्या घरातील खटला अजून चालू आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती वेळेवर कोणी सांगत नाही. गुन्हेगार परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा, १९५८ खाली, ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा नाही अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. वय एकवीसहून कमी असेल तर कैद देताना न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. अपिलातही ही मागणी करता येते. त्याहून महत्त्वाचे कलम १२: असे सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे इतर कायद्यांखाली येणारी अपात्रता लागत नाही. सरकारी नोकरीतील खातेनिहाय कारवाई त्याने टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, पण इतर बऱ्याच वाटा मोकळ्या राहतात. वकील सुटकेसाठी युक्तिवाद करण्यात गुंततात आणि दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर बोलायची वेळ येते तेव्हा दोन वाक्यांत आटोपते घेतात. घरच्यांनी त्या दिवसासाठी वय, शिक्षण, नोकरी, अवलंबून असलेली माणसे यांचे कागद तयार ठेवावेत आणि प्रोबेशनची मागणी लेखी करायला लावावी. तुमच्या भावाला याचा उपयोग नव्हता, कारण कलम ३२६ मध्ये जन्मठेपेची तरतूद आहे. अमली पदार्थांच्या प्रकरणांतही, आणि ती गोव्यात पुष्कळ असतात, एनडीपीएस कायद्याच्या कलम ३३ मुळे ही सवलत प्रौढांना कलम २६ आणि २७ च्या गुन्ह्यांपुरतीच मिळते. किनाऱ्यावर वाढलेल्या विशी-बाविशीतल्या मुलांच्या आई-वडिलांनी हे खटल्यानंतर नव्हे, आजच जाणून घ्यावे.

एवढे सांगूनही एक अडथळा उरतो आणि तो कायद्यातच आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ ने अपात्रता काढून टाकली आहे आणि गंभीर अपवाद वगळता नोंदी नष्ट करण्याची तरतूद केली आहे. प्रौढांसाठी तसे काहीच नाही. अर्जातला ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का’ हा प्रश्न पंचविसाव्या वर्षी होता तसाच पन्नासाव्या वर्षीही असतो. ब्रिटनने १९७४ मध्ये कायदा करून ठरावीक काळ निष्कलंक राहिलेल्यांच्या बहुतेक शिक्षा नोकरीच्या बाबतीत जुन्या, म्हणजे न सांगण्याजोग्या मानल्या. आपणही तसा कायदा करायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे, बालकांवरील आणि लैंगिक गुन्ह्यांना त्यातून वगळून. निकाल आणि बातम्या इंटरनेटवर कायम राहत असल्यामुळे ही गरज आता आणखी वाढली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने ठरवले; त्याच्या आधारे निर्दोष सुटलेल्या काहींना न्यायालयांनी दिलासा दिला आहे, परंतु दोषी ठरलेल्यांना तो मिळेल असे आज सांगता येत नाही. बातमीत चुकीचे कलम किंवा चुकीची शिक्षा छापली असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी संपादकांना मात्र जरूर लिहा.

पुढची पायरी म्हणून वर सांगितलेले चार कागद, आधार, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि घराचे उतारे घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा आधी १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर बोला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे घराच्या वाटणीचा अर्ज तुमच्या आईच्या किंवा तुमच्या नावाने ताबडतोब करता येईल. भावाचा अर्ज त्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासह सोबत द्या, आणि तो दाखला मामलेदार कार्यालयातून काढायला याच आठवड्यात सुरुवात करा.